दोन हातांनी आखूड झालेली डोलकाठी

इरांगनी टीचरनी बोनिफास तिसेराला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो वाळूत पालथा पडलेला होता.

टीचर तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. कुरुनेगलकडच्या एका खेड्यातून, जिथे तळ्याहून मोठं पाणी कुणी पाहिलेलं नसतं, त्यांची बदली समुद्रकाठच्या नेगोंबोच्या शाळेत झाली होती. शाळा सुटल्यावर खोलीवर जायला जवळचा रस्ता म्हणून त्या खाडीच्या कडेने चालल्या होत्या. नारळींच्या सावलीत एक सोललेलं लांबलचक लाकूड आडवं ठेवलं होतं. त्याच्या एका टोकाला सत्ताविशीचा एक काळासावळा माणूस लाकडाला कान लावून, डोळे मिटून पडला होता. दुसऱ्या टोकाशी एक म्हातारा उकिडवा बसला होता आणि हातातल्या खड्याने लाकडाच्या तोंडावर हळूच टोला मारत होता. टोला मारायचा, थांबायचा, परत मारायचा.

टीचरना वाटलं, याला भोवळ आली. वाळूत रुतणाऱ्या चपला तिथेच काढून त्या धावल्या.

“काय झालं हो यांना?” त्यांनी घाबरून विचारलं.

म्हाताऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. “गप्प राहा पोरी. तो ऐकतोय.”

थोड्या वेळाने तो माणूस उठला, गालावरची वाळू झाडली आणि बापाला म्हणाला, “वरून सहा हातांवर मेलेली गाठ आहे. बाकी स्वच्छ.” मग टीचरकडे बघून म्हणाला, “तुम्ही नवीन टीचर ना? तुमच्या चपला भरतीच्या रेषेच्या आत काढल्यात. जातील.”

चपला खरंच गेल्या. त्या दिवशी टीचर अनवाणी घरी गेल्या, आणि लाकडात ऐकायला नक्की काय येतं, या प्रश्नाने त्यांना रात्री बराच वेळ झोप लागली नाही. त्यांचा स्वभावच तसा. वर्गातल्या मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर त्याला ते कुठून सुचलं असेल, याचाच त्या विचार करत बसायच्या.

पुढे त्या खाडीकाठच्या त्याच कोळ्यांच्या वाडीत राहिल्या. सिंहली आणि गाणं शिकवत छत्तीस वर्षं शाळेत गेली. बोनिफासच्या तिन्ही मुली त्यांच्या हाताखालून गेल्या, थोरलीचं लग्न झालं, जावई सासऱ्याच्याच होडीवर आला. बोनिफास वाडीतला नावाजलेला तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या, झाला. एंजिनच्या बोटी आल्या, पण खाडीच्या तोंडाशी कोळंबीचं जाळं ओढायला शिडाच्या होड्याच लागतात, आणि त्यातली बोनिफासची होडी सगळ्यांत जुनी. होडी कसली, एका झाडातून कोरलेली अरुंद पन्हळ म्हणा. दोन माणसं शेजारी बसू शकत नाहीत इतकी अरुंद. ती उलटत नाही ती उलांडीच्या जिवावर. होडीच्या एका कुशीला दोन वाकड्या दांड्यांनी बांधलेला तो ओंडका कायम वाऱ्याच्या अंगाला ठेवायचा. वारा वाढला की एकाने त्या दांड्यांवर जाऊन बसायचं. आणखी वाढला की दोघांनी. वाडीत वारा असाच मोजतात. “आज कसा होता?” असं विचारलं की “दोन माणसांचा” असं उत्तर येतं.

बोनिफास होडी जितकी चांगली हाकायचा, त्याहून चांगल्या मोडलेल्या डोलकाठ्या सांधायचा. स्वभावाने हट्टी. चर्चच्या सणाच्या कमिटीत एकदा पताकांच्या दोरीवरून भांडला तो चार वर्षं सभेला गेला नाही. पण त्याने सांधलेल्या जागी काठी परत मोडली असं कुणी सांगत नसे.

हे सगळं सांगायचं कारण तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर.

नाताळला पंधरा दिवस होते. कोळंबीला वर्षात कधी नसते एवढी मागणी. एका शुक्रवारी दुपारी टीचर अंगणात भात पाखडत होत्या, तर वाडीतली माणसं खाडीकडे चाललेली दिसली. त्या सूप ठेवून मागोमाग गेल्या. बोनिफासची होडी दुसऱ्या होडीच्या दोरीला बांधून ओढत आणली होती. शीड ओल्या पोत्यासारखं गोळा होऊन पडलं होतं आणि डोलकाठी खालून तिसऱ्या हिश्शात मोडून उलांडीवर आडवी झाली होती. मोडलेल्या जागी लाकडाच्या हातहात लांब ढलप्या बाहेर आल्या होत्या.

बघणारी माणसं गप्प होती. काठी वादळात मोडली असती तर सगळे एकदम बोलले असते. पण त्या दिवशी एका माणसाचासुद्धा वारा नव्हता. आणि काठी उलांडीवर पडली होती, याचा अर्थ वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होता. काठीचे आधाराचे दोर फक्त उलांडीच्या बाजूला असतात. शिडाला वारा उलट्या अंगाने लागला तरच ती तिकडे कोसळते. सकाळचा जमिनीवरचा वारा पडून दुपारचा समुद्रावरचा सुरू होतो, त्या मधल्या चार मिनिटांत शीड आधी कडेला फडफडतं. ती फडफड कानावर पडली की तांडेलाने सुकाणूचं वल्हं मारून होडी वळवायची. हे नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. नवशिकाच ते विसरतो.

बोनिफास पासष्ट वर्षांचा होता आणि त्यातली पन्नास वर्षं पाण्यावर गेली होती.

जावई नेविल पाण्यातून चालत वर आला तो चिडलेला. “विचारा त्यांना!” तो सासूला म्हणाला. “मी हाक मारली, मामा, शीड! मामा, शीड! तीनदा ओरडलो. वळूनसुद्धा बघितलं नाही. मी जावई आहे की बगळा?”

“अरे, जाळ्यात लक्ष असेल,” बोनिफासची बायको कोन्सी म्हणाली.

“लक्ष! स्तानी काकाही ओरडले.”

स्तानी हा बोनिफासचा धाकटा चुलतभाऊ, त्याला ‘अय्या’, म्हणजे दादा, म्हणणारा; होडीवरचा तिसरा माणूस. एरवी तो कशावरही विनोद करायचा. आज त्याने फक्त मान हलवली. “अय्या हट्टी आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण हट्टापायी माणसं बुडवणारा नव्हता.”

नेविल म्हणाला, “मला दोन पोरं आहेत. असं का केलं ते मामांनी सांगावं. नाहीतर काठी उभी राहिली तरी मी त्यांच्या होडीत पाय ठेवणार नाही. दुसरी होडी बघीन.”

बोनिफास दोर गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, “काठी सांधता येईल.”

नेविल गेला तर स्तानीही जाणार, आणि तीन माणसांची होडी एकट्याने चालत नाही. बोनिफासची तांडेलकी त्या एका उत्तरावर अडकली होती, आणि तो उत्तर देत नव्हता. सगळ्या वाडीला आपापलं उत्तर सुचत होतं. कुणी म्हणालं, ताडी. कुणी म्हणालं, जावयाशी अबोला. टीचरना यातलं काहीच पटेना. बोनिफासने ताडी सोडून वीस वर्षं झाली होती, आणि अबोला धरायचाच असता तर तो मोजून चार वर्षं धरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्याच्या अंगणात गेल्या. हातात खोबऱ्याची चटणी, म्हणजे सांबल, घातलेल्या तांदळाच्या आप्प्यांचं पुडकं होतं, म्हणजे नुसतं चौकशीला आल्यासारखं दिसू नये. बोनिफासने मोडलेली काठी दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकली होती आणि ढलप्या करवतीने कापून काढत होता.

“नवीनच का नाही करत?” टीचरनी विचारलं. “बाकीचे सगळे बांबू लावतात.”

“बांबू दोन वर्षं टिकतो,” तो करवत न थांबवता म्हणाला. “ही उंडी आहे. माझ्या बापाने निवडली. एवढी सरळ उंडी आता तोडायला परवानगी मिळत नाही आणि मिळाली तर झाड मिळत नाही.”

“मग दोन तुकडे जोडून ती आखूड नाही होणार?”

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. “दुपारचे अडीच तीन वाजले असतील,” तो म्हणाला.

टीचर गोंधळल्या. सकाळचे नऊ वाजले होते, आणि त्यांनी वेळ विचारली नव्हती. मग लक्षात आलं, काठी कधी मोडली असं आपण विचारल्याचं यांना वाटलं. त्यांनी तोच प्रश्न जरा मोठ्याने, हाताने लांबी दाखवत परत विचारला.

“होईल ना,” तो म्हणाला आणि त्यांच्या पिशवीतली पेन्सिल मागून घेतली. खिशातल्या सुरीने ती मधोमध तोडली. दोन्ही तुटकी तोंडं एकमेकांना टेकवली. “हे असं चिकटवलं तर टिचकीने मोडेल.” मग दोन्ही तोंडं लांब तिरकी तासली, इतकी की पेन्सिलीचं शिसं जिभेसारखं उघडं पडलं, आणि एकावर एक निजवली. “लाकूड लाकडावर झोपलं पाहिजे. जेवढी जाडी, तिच्या दहापट उतार. मग ते मोडलेलं आहे हे वाऱ्याला कळत नाही. उतारात दोन हात लाकूड जाणार. शीड तेवढं खालून दुमडायचं. कोन्सी शिवेल.”

“माझी पेन्सिल मात्र गेली,” टीचर म्हणाल्या.

तो हसला नाही. ऐकूच आलं नाही त्याला. टीचर त्याच्या डाव्या खांद्यामागे उभ्या होत्या.

त्या दिवसापासून त्या रोज जायला लागल्या. बहाणा उताराचा होता आणि तोही खोटा नव्हता. हळूहळू उघडं पडणारं लाकूड, त्याचा आतला लालसर रंग, रंध्यातून निघणाऱ्या पापुद्र्यांचा वास, हे सगळं बघत राहावंसं वाटे. पण त्यांचं खरं लक्ष माणसाकडे होतं. कोन्सी स्वयंपाकघरातून “अहो, ऐकलंत का, जेवायला या!” अशी ओरडे ती पलीकडच्या तीन घरांना ऐकू जाई. कोळ्यांच्या वाडीत सगळेच ओरडून बोलतात. लाटांवर आवाज चढवायची सवय घरातही सुटत नाही. अशा ठिकाणी एखाद्याचे कान हळूहळू गेले तर कुणाला, केव्हा कळणार? बायको आधीच ओरडत असते, खलाशी आधीच ओरडत असतात. टीचरना वर्गातला एक मुलगा आठवला. तो वर्षभर पहिल्या रांगेत बसायचा हट्ट करायचा म्हणून सगळे त्याला चोंबडा म्हणत.

पाचव्या दिवशी सांधा बसवला. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या दोन डब्यांतला गोंद मिसळून लावला, लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, वर भिजवलेलं सुंभ गच्च आवळून गुंडाळलं. सुंभ वाळलं की आणखी आवळतं. दोन दिवसांनी बोनिफास स्वतःच टीचरच्या दारात आला. आयुष्यात पहिल्यांदा. पायरीखालीच उभा राहून म्हणाला, “टीचर, तुमचे कान चांगले. गाणं शिकवलंत इतकी वर्षं.”

“हो.”

“काठी ऐकायची आहे. वाडीत सगळे कामात आहेत.”

वाडीत एकही माणूस कामात नव्हता. स्तानी तर समोरच्या झाडाखाली पत्ते कुटत बसला होता. टीचर चपला घालून निघाल्या.

काठीच्या वरच्या टोकाला त्यांनी कान लावला. वाळूत पालथं पडायचं त्यांचं वय नव्हतं म्हणून बोनिफासने स्टूल दिलं. तो खालच्या टोकाला जाऊन बसला आणि खड्याने टोला मारला. टीचर दचकल्या. वीस हात लांबून आलेला तो आवाज कानाशी कुणी बोट वाजवावं तसा स्पष्ट होता. पण त्याच्यामागून आणखी काहीतरी येत होतं. बारीक झिणझिण. वर्गातल्या पेटीचा एक सूर फाटला होता, तो दाबला की व्हायची तशी.

“परत मारा,” त्या म्हणाल्या. तो हलला नाही. त्यांनी हात केला, तेव्हा त्याने मारला. तीच झिणझिण.

बोनिफास त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होता. टीचरच्या मनात आलं, स्वच्छ आहे म्हणावं. नाताळ आठ दिवसांवर आलाय. पण त्या काठीखाली तीन माणसं बसणार होती.

“सांध्यात पोकळी आहे,” त्या म्हणाल्या, ओठ नीट हलवून.

तो उठून सांध्यापाशी आला. मग सुंभाची गाठ सोडायला लागला.

“बोनिफास,” टीचरनी त्याची पाठ असताना, नेहमीच्या आवाजात विचारलं, “तुम्हाला ऐकू येत नाही ना?”

तो सुंभ सोडत राहिला. त्यांना उत्तर मिळालं. त्या उठून त्याच्या समोर गेल्या आणि तेच परत विचारलं. या वेळी त्याने ओठांकडे बघितलं आणि सुंभ हातातून खाली ठेवलं.

“डावा चार वर्षांपूर्वी गेला,” तो म्हणाला. “उजवा या पावसाळ्यात. कोन्सीचा आवाज येतो. लाट येते. शीड येत नाही.”

“मग नेविलला सांगा ना! तो समजतोय तुम्ही मुद्दाम…”

“हट्टी तांडेलाबरोबर माणूस शिव्या देत का होईना, जातो,” बोनिफास म्हणाला. “बहिऱ्या तांडेलाबरोबर कोण जाईल? तुम्ही नाही सांगायचं, टीचर. माझं मी बघतो.”

टीचरनी छत्तीस वर्षांत मुलांची पुष्कळ गुपितं ठेवली होती. हे त्यांना सगळ्यांत जड गेलं. “मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण काठी उभी राहीपर्यंत तुम्ही सांगितलं पाहिजे. त्याला दोन पोरं आहेत.”

त्याने मान डोलावली. ती होकाराची होती की नुसतीच, हे टीचरना ठरवता आलं नाही.

खुंट्या काढून, पाचर मारून सांधा उघडला तेव्हा चूक दिसली. उताराच्या मधोमध तळहाताएवढा खळगा होता. तिथे लाकडाची रेषा उलटी फिरली होती आणि रंधा रेषेविरुद्ध जाऊन लाकूड फाटलं होतं. “रंधा उलटा चालला की करकरतो,” बोनिफास म्हणाला. “मी आयुष्यभर रंधा कानाने चालवला. हाताने बघायची कधी गरजच पडली नाही.” तो बराच वेळ त्या खळग्यावर अंगठा फिरवत राहिला. “हाताला तर कळतंय की.”

मग त्याने दिवा पेटवला आणि दिव्याची काजळी एका उतारावर बोटांनी सारखी फासली. दुसरा उतार त्यावर निजवायचा, उचलायचा. जिथे काजळी लागली तिथे उंचवटा, तो पटाशीने खरवडायचा. परत निजवायचा, परत उचलायचा. टीचरनी मोजलं, पहिल्या दिवशी एकेचाळीस वेळा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरा उतार उचलला तेव्हा तो टोकापासून टोकापर्यंत सारखा काळा झाला होता. बोनिफासचे हात, नाक आणि टीचरच्या पदराचं टोकही.

“तुमच्यापेक्षा माझ्या पहिलीतल्या पोरांच्या पाट्या स्वच्छ असायच्या,” टीचर त्याच्या तोंडासमोर जाऊन म्हणाल्या. या वेळी तो हसला.

काजळी पुसून त्याने सांधा परत चिकटवला, सुंभ आवळलं; पण परत ऐकायला त्यांना बोलावलं नाही.

नाताळला तीन दिवस असताना काठी उभी करायचं ठरलं. वाडीत रीत अशी की काठी उभी करण्याआधी तिच्याखाली बसणाऱ्या प्रत्येकाने तिला कान लावायचा. शेवटी तांडेलाने ऐकायचं आणि “उभी करा” म्हणायचं. मगच फादर पाणी शिंपडतात. नेविल येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. तो आला. कोन्सीने मुलीकरवी ओढून आणला असावा. दोन हात दूर उभा राहिला.

“मामा काही बोलले?” त्याने स्तानीला विचारलं.

“बोलले ना. ‘सुंभ आण’ म्हणाले,” स्तानी म्हणाला.

टीचर माणसांच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी बोनिफासकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

आधी स्तानीने कान लावला, नेविलने टोला दिला. स्तानी म्हणाला, “देवळाच्या घंटेसारखी.” मग नेविल पडला, स्तानीने टोला दिला. नेविल उठून मातीकडे बघत म्हणाला, “काठी चांगली आहे. काठीबद्दल माझं काही म्हणणं नाही.” मग बोनिफास वाळूत पालथा पडला, डोळे मिटले. टोला मारायला नेविल दुसऱ्या टोकाला गेला, पण खडा स्तानीने कुठेतरी टाकला होता. नेविल वाकून शोधायला लागला. कुणीतरी म्हणालं, अरे तो बघ पायाशी. नेविलने खडा उचलला, वाळू झटकली.

तेवढ्यात बोनिफासने डोळे उघडले आणि उठून बसला.

“स्वच्छ वाजतेय,” तो म्हणाला. “उभी करा.”

कुणी हललं नाही. नेविलच्या हातात खडा तसाच होता. फादरांच्या हातातली पाण्याची वाटी अर्ध्यावर थांबली. बोनिफासने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, मग नेविलच्या हाताकडे. त्याला कळलं.

नेविल सावकाश जवळ आला आणि सासऱ्यासमोर उकिडवा बसला. “मामा,” त्याने अगदी हळू म्हटलं. मग मोठ्याने, “मामा, त्या दिवशी तुम्हाला माझी हाक आलीच नाही?”

“नाही आली,” बोनिफास म्हणाला.

“तीनदा ओरडलो मी.”

“एकदा ओरडलास काय नि तीनदा काय.”

“मग सांगायचं नाही का? मी बारा दिवस तुम्हाला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्यात, माहीत आहे?”

“त्या तरी ऐकू येणार नव्हत्याच,” स्तानी म्हणाला, आणि सगळी वाडी एकदम हसली. त्या हसण्यात बारा दिवसांचं कोडं सुटल्याचा मोकळा श्वास होता. कोन्सी मात्र हसली नाही. ती पुढे आली, नवऱ्याच्या उजव्या कानाशी वाकली आणि ओरडली, “चार वर्षं मी घशाला फोड येईपर्यंत ओरडतेय, आणि तुम्ही मला कर्कश म्हणता!”

हसणं ओसरल्यावर खरा प्रश्न उरला. नेविलनेच तो विचारला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. “मामा, आता वल्हं कोण धरणार?”

बोनिफासने गालावरची वाळू झाडली. तो उठला, होडीकडे गेला, सुकाणूच्या जागेवर एक हात ठेवून उभा राहिला. ती जागा होडीच्या टोकाशी, तिथे बसलं की जाळं समोर आणि शीड पाठीमागे. मग तो उलांडीच्या दांड्यांवर जाऊन बसला. तिथून त्याने आडव्या पडलेल्या काठीकडे आणि तिच्यावरच्या हवेकडे पाहिलं, जणू शीड चढलेलंच आहे.

“इथून शीड समोर दिसतं,” तो म्हणाला. “फडफडायच्या आधी कड जरा मऊ पडते. ते कानाआधी डोळ्याला कळतं. मी इथून हात केला की तू वळव.”

“आणि मी नाही वळवली तर?” नेविल म्हणाला.

“तर तू हट्टी तांडेल.”

फादरांनी पाणी शिंपडलं. सहा जणांनी मिळून काठी उभी केली. आखूड झाल्यामुळे शिडाला खाली कोन्सीने घातलेली दुमड दिसत होती, लहान पोराच्या चड्डीला वाढीसाठी ठेवतात तशी. दुसऱ्या दिवशी पहाटे होडी गेली आणि नाताळच्या आधी दोन दिवस चांगली कोळंबी घेऊन आली. टीचरना तिचा वाटा घरपोच मिळाला. आणून देणारा नेविल होता.

काठी अजून तीच आहे. मधल्या मुलीने दुबईहून कानाचं यंत्र पाठवलं. बोनिफास ते समुद्रावर नेत नाही, खारं पाणी लागेल म्हणतो. तो आता अडुसष्ट वर्षांचा आहे. होडीचा तांडेल नेविल आहे. बोनिफास रविवार सोडून रोज पहाटे त्याच्याबरोबर उलांडीवर बसून जातो आणि दुपारी समुद्रावरचा वारा सुरू झाला की परत येतो.